पाच गारगोट्या आणि एक प्रश्नचिन्ह

वेळगावच्या वस्तुसंग्रहालयात सकाळी अकरा वाजता सहा मुले डोळे मिटून, डाव्या हाताची मूठ हवेत धरून, जाते फिरवत होती. त्यांच्यापैकी एकानेही खरे जाते फिरताना पाहिलेले नव्हते. तरीही त्यांची मनगटे नेमक्या वळणावर सैल पडत होती, आणि खोलीत एक न ऐकू येणारी घरघर भरून राहिल्यासारखे वाटत होते.

“दादा, माझा हात कोण फिरवतंय?” मिसबाहने विचारले.

“एक बाई,” सौमित्र हळूच म्हणाला. “डावखुरी होती.”

“माझ्यासारखी!” मिसबाह ओरडली आणि सगळा वर्ग हसला.

सौमित्र डांगे इथल्या शिक्षण विभागात तीन महिन्यांचा प्रशिक्षणार्थी होता. माणसांपेक्षा वस्तूंशी त्याचे अधिक जमे, कारण वस्तू उत्तराची घाई करत नाहीत. आणि आता त्याच्या हाती वस्तूंना बोलते करणारे यंत्र आले होते. माणसाने वर्षानुवर्षे हाताळलेल्या जिनसेवर बोटांच्या घासखुणा थरावर थर साचतात. हा झीजवाचक ते थर उलगडतो, कोणत्या हालचालीने अशी झीज घडेल याचे गणित मांडतो, आणि त्याला जोडलेल्या हातमोज्यांतल्या बारीक तारा घालणाऱ्याच्या बोटांना त्याच वाटेने नेतात.

यंत्र महिनाभराच्या चाचणीसाठी आले होते आणि आज शेवटचा दिवस होता. संध्याकाळच्या अहवालात एकच प्रश्न होता: यंत्र कुठे चुकले का? चुकले असेल तर ते परत जाणार होते, आणि शिक्षण विभाग म्हणवणाऱ्या या एकुलत्या खोलीत पूर्वीसारख्या मोडक्या खुर्च्या रचल्या जाणार होत्या.

आणि यंत्र चुकत होते. चौदा क्रमांकाच्या पेटीत गावाबाहेरच्या टेकाडातून निघालेल्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाच गुळगुळीत गारगोट्या होत्या. पाटीवर लिहिले होते, ‘व्यापाऱ्याची वजने’. पण त्यांचे वाचन लावले की मोजा हाताला एकदम वर उडवी, जमिनीकडे झडप घालायला लावी आणि पुन्हा वर नेई. वजन करणारा माणूस असा कशाला उडेल? सौमित्रने आठवडाभर कोणाला काही सांगितले नव्हते. त्याने पेटीवर एक चादर घातली होती, इतकेच.

“दादा, इथं काय लपवलंय?” मिसबाहने चादर ओढली. पेटीवरचा क्रमांक वाचून तिने तो यंत्रात दाबलासुद्धा. “अय्या! हात तर नाचतोय!”

“डांगे, ही पेटी झाकली कोणी?”

दारात संग्रहपाल इंदुमती गावसाने उभ्या होत्या. एकतीस वर्षांपूर्वी त्या पाटीचा मजकूर त्यांनीच दिला होता.

“मी, मॅडम.”

“का?”

“यंत्र चुकतंय, मॅडम. किंवा...”

“किंवा काय?”

“किंवा पाटी.”

वर्गाबरोबर आलेले लोखंडे सर उगाचच छताकडे पाहू लागले.

“द्या इकडे तो मोजा,” मॅडम म्हणाल्या.

त्यांचा हात वर उडाला, खाली झेपावला, परत वर गेला. त्यांच्या कपाळावर आठी पडली. दुसऱ्या खेपेला ती विरली. तिसऱ्या खेपेला त्यांनी मोकळ्या हाताने पदर खोचला आणि सरळ जमिनीवर फतकल मारली.

“अगं बाई गं! हे सागरगोटे आहेत!”

“म्हणजे काय?” चार-पाच आवाज एकदम आले.

“एक वर उडवायचा. तो खाली येईपर्यंत भुईवरचा उचलायचा आणि वरचा झेलायचा. आधी एकेक, मग दोन-दोन. खडा सुटला की डाव दुसऱ्याकडे. अरे, बघताय काय? बागेतून खडे आणा!”

“मॅडम, तुम्ही खेळायचात?” लोखंडे सरांनी विचारले.

“खेळायचे? आमच्या गल्लीत माझ्याशी डाव मांडायला कोणी धजत नसे, सर. बसा खाली.”

पुढचा अर्धा तास खडे छताकडे उडत राहिले. सरांचा डाव पहिल्याच खड्याला गेला. सौमित्रच्या हातून सलग सात खडे सुटले, तेव्हा मॅडम म्हणाल्या, “डांगे, तुमच्या हाताला भोकं आहेत का हो?” आणि तो, स्वतःलाही नवल वाटावे इतक्या मोठ्याने, हसला.

मग मॅडमनी कपाटातून जुनी नोंदवही काढली. त्यांच्याच अक्षरात, फिकट निळ्या शाईत लिहिलेले होते: ‘वजने?’

“मी प्रश्नचिन्ह घातलं होतं. पाटी रंगवणाऱ्याला तो शाईचा डाग वाटला. पाटी लागली, लोक वाखाणायला लागले, आणि मग मलाही तो डागच वाटायला लागला.” त्यांनी वही मिटली. “अहवालात लिहा, यंत्र चुकलं नाही. पाटी चुकली. माझं नाव घालून लिहा.”

सौमित्रने लिहिले.

“दादा,” मिसबाह अजून मोजा घालूनच बसली होती. “शेवटी मूठ मिटतच नाही.”

त्याने वाचन पुन्हा लावले. पाचव्या गारगोटीवरचा सर्वांत वरचा थर बोटांचा नव्हता. तिथे एक बारीक टवका होता, उंचावरून भुईवर आदळल्याचा. त्याच्यानंतर त्या दगडाला कोणाचे बोट लागलेले नव्हते.

“आईनं जेवायला हाक मारली असेल,” एक मुलगा म्हणाला.

“किंवा गाव सोडून निघावं लागलं असेल,” लोखंडे सर हळूच म्हणाले.

मॅडमनी कोऱ्या पाटीवर ‘सागरगोटे’ असे लिहिले आणि लेखणी सौमित्रपुढे धरली. त्याने शेजारी, कोणालाही डाग वाटू नये इतके मोठे, प्रश्नचिन्ह काढले.

मिसबाहचा डावा तळहात अजून हवेत उघडा होता, दोन हजार वर्षांपूर्वीच्या कोणा हातासारखा.

“पण दादा,” तिने विचारले, “खडा झेलायचा राहिला म्हणजे त्या खेळणारीचा डाव गेला, की तो आता आपल्याकडे आलाय?”