न गायलेलं कडवं

आमच्या तिसाकेरेंद गावात मुलांना गाणं शिकवायची सुरुवात हातापासून होते. प्रत्येक सुराला हाताची एक खूण आहे. मूल लिहायला शिकायच्या आधी या खुणा शिकतं, आणि मग आम्ही 'लपता झरा' खेळतो. मी मूठ मिटली की सगळ्यांनी गप्प व्हायचं, पण गाणं मनात चालू ठेवायचं. मूठ उघडली की गाणं जिथे पोचलं असेल तिथून, त्याच पट्टीत, मोठ्याने गायचं. मुलांना हा खेळ फार आवडतो. मलाही आवडतो. या खेळावरच तर माझं म्हातारपण मजेत चाललं आहे.

माझं नाव गिझेल्ला. गावात मी सगळ्यांची नेनी, म्हणजे मावशी, अगदी पन्नाशीच्या पोस्टमनचीसुद्धा.

या शरदात आम्ब्रुश बाचींच्या, म्हणजे आम्ब्रुशकाकांच्या, स्मरणार्थ चर्चमध्ये मैफल करायची ठरली. बाची इथले जुने कांटोर, म्हणजे चर्चचे गायक आणि मुलांचे मास्तर. मीही त्यांच्याच हाताखाली शिकले. तुर्कांच्या काळातली शिपायांची गाणी, बंडातली गाणी आणि शेवटी मरियामातेचं जुनं स्तोत्र, असा बेत होता. घंटा वाजवणारा वेंदेल मध्ये तारोगातो वाजवणार होता. तारोगातो म्हणजे सनईची थोरली, जरा रडवेली बहीण.

"नेनी, मी वाजवायला लागलो की कुत्री भुंकतात," वेंदेल म्हणाला.

"भुंकू देत. तेवढीच साथ."

बाचींनी त्या स्तोत्रात एक रीत घालून दिली होती. तिसरं कडवं गावातल्या गेलेल्या माणसांचं. ते गायचं नाही. ऑर्गन थांबतो, मुलं ओठ मिटून ते मनात गातात, चर्चमध्ये बसलेले लोक मान खाली घालून ऐकतात. चौथ्या कडव्याला मुलं मोठ्याने सुरू करतात आणि लगेच ऑर्गन येऊन मिळतो. पट्टी केसभर जरी उतरली असली तरी त्या क्षणी सगळ्या गावाला कळतं.

सगळ्यांना कळेल, पण मला कळणार नव्हतं. माझे वरचे सूर गेले आहेत. मुलींचा आवाज एका उंचीच्या वर गेला की माझ्यासाठी विझतो. हे फक्त शहरातल्या कानाच्या डॉक्टरला ठाऊक होतं. सरावाला मी मुलांचे गळे बघत होते, जबडे बघत होते, श्वास घेताना खांदे उचलतात ते बघत होते. इतक्या वर्षांनी गाणं डोळ्यांनीही बरंचसं ऐकता येतं. तरी मी मनाशी ठरवलं होतं: चौथ्या कडव्याला पट्टी उतरली, तर सरावाच्या खोलीची किल्ली फादर लोरांद यांच्या हातात द्यायची आणि घरी बसायचं. ऑर्गनवर तेच असणार होते. सूर चुकला तर ते त्यांच्या चेहऱ्यावर लपत नाही.

मैफलीच्या दुपारी ऊन छान होतं. चर्चमध्ये मेणाचा, लोकरीच्या कोटांचा आणि मागच्या बाकावर झाकून ठेवलेल्या गरम पोगाचांचा, म्हणजे छोट्या खाऱ्या पावांचा, वास होता. शिपायांची गाणी जोरात झाली. वेंदेलने वाजवलं आणि बाहेर खरंच कुत्रं भुंकलं. लोक हसले, तोही हसला.

मग स्तोत्र. दोन कडवी नीट गेली. मी मूठ मिटली.

ऑर्गन थांबला. मुलांचे ओठ बंद झाले. मी एकेक तोंड तपासलं. सगळी बंद होती.

आणि मला गाणं ऐकू आलं.

एकच आवाज, लहान मुलीचा, उंच आणि स्वच्छ. गेल्या कित्येक वर्षांत इतक्या वरचा सूर माझ्या कानात शिरला नव्हता. तो माझ्या डाव्या बाजूने येत होता. तिथे खांब होता, आणि खांबाजवळ कुणी नव्हतं.

तिसऱ्या ओळीत, दर कडव्यात येतो तसा, 'मारिया' शब्द आला. आवाजाने 'मा' म्हटलं, श्वास घेतला, मग 'रिया' म्हटलं.

मूठ मिटलेलीच ठेवून मी ऐकत राहिले.

असा श्वास एकच मुलगी घेत असे. तेरुश. लहानपणी बाचींच्या गायनवर्गात ती माझ्या डाव्या हाताला उभी राहायची. तिचा दम कमी होता. बाची ओरडायचे, "तेरुश, मारियाच्या मधलं दार उघडू नकोस, वारा लागेल तिला!" आम्ही फिदीफिदी हसायचो. एका हिवाळ्यात ती घटसर्पाने गेली.

कडवं संपलं. मी मूठ उघडली.

मुलांनी तोंडं उघडली. ऑर्गन आला. मी फादर लोरांदकडे पाहिलं. त्यांच्या भुवया वर गेल्या आणि चेहरा लोण्यासारखा मऊ झाला. पट्टी जागेवर होती.

मला इतकं बरं वाटलं, की पुढचं दिसायला क्षणभर उशीर झाला.

तिसरी ओळ आली. 'मारिया'च्या मध्यावर सगळ्या मुलांचे खांदे एकदम वर उचलले गेले.

मी त्यांना तिथे श्वास घ्यायला कधीच शिकवलं नव्हतं.

नंतर अंगणात सगळे खाण्यावर तुटून पडले. फादर माझा हात हातात घेऊन म्हणाले, "नेनी, सुई टोचल्यासारखी नेमकी पट्टी! अजून दहा वर्षं तुम्हाला सोडत नाही." मी हसले. मग पहिल्या रांगेतल्या बीबोर्काला बाजूला घेतलं. तिच्या दोन्ही गालांत पोगाचा होता.

"बाळा, मारियाच्या मध्ये श्वास कुणी घ्यायला सांगितला?"

"कुणी नाही. ती घेते ना, म्हणून आज आम्हीपण घेतला."

"ती कोण?"

"गप्प कडव्यात गाते ती." तिने घास गिळला. "सरावालापण असते. तिच्या मागे मागे गेलं की चुकत नाही. तुम्हीच म्हणता ना नेनी, आतलं ऐका!"

"तुला भीती नाही वाटत?"

"कशाची? छान गाते की!" म्हणाली, आणि दुसरा पोगाचा घ्यायला पळाली.

किल्ली माझ्याकडेच राहिली. हिवाळा लागला आहे. माझे कान आणखी गेलेत. आता मुलं गातात ते मला जवळजवळ ऐकूच येत नाही. पण दर सरावाला मी मूठ मिटते, आणि तेवढ्यापुरतं सगळं स्वच्छ ऐकू येतं. खोटं कशाला सांगू, मी त्याची वाट बघते.

काल सराव संपल्यावर बीबोर्का कोटाची बटणं लावत म्हणाली, "नेनी, आज दोघी होत्या."

मलाही त्या ऐकू आल्या होत्या. दुसरा आवाज जरा जाडसर होता, तेरुशच्या उजव्या हाताचा. तो ओळखायला मला घरी पोचेपर्यंत वेळ लागला. स्वतःचा आवाज माणसाला चटकन ओळखू येत नाही.