भर दुपारची अनवाणी सभा

तैवानमधल्या तायनानच्या जुलैत भर दुपारी बागेत एकतर वेडे जातात, नाहीतर बालवाडीच्या बाई. मी दुसऱ्यांत मोडते... म्हणजे त्या दिवसापर्यंत तरी असं मला वाटायचं.

आदल्याच दिवशी आमच्या वर्गातल्या चिमुकल्या तांगतांगची चप्पल बागेतल्या घसरगुंडीखाली निसटली होती. खाली निळं रबर, वर आग ओकणारं ऊन. पोरीच्या तळव्याला टरारून फोड आले. आणि वस्तीप्रमुख छिऊ मावशी तर आता बाग नव्यानं करताना कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तेच रबर घालायला निघाल्या होत्या! म्हणून मुलांना झोपवून, मदतनीस बाईंना त्यांच्यापाशी बसवून मी एकटीच बागेत गेले. ते तापतं तरी किती, बघायला.

तर तिथे एक माणूस! घसरगुंडीशेजारी, पुठ्ठ्यावर पालथा पडलेला... हालचाल नाही.

उष्माघात! मी धावले आणि हातातली अख्खी बाटली त्याच्या डोक्यावर रिकामी केली.

"आई गं!" तो ताडकन उठला. "अहो, काय करताय हे?"

"तुम्ही... जिवंत आहात?"

"होतोच. आता ओला जिवंत आहे." त्याच्या हातात पिस्तुलासारखं तापमापक होतं. "मुलं घसरून जिथे पाय टेकतात ना, तिथलं तापमान घेत होतो. चौसष्ट अंश! आता तुमच्या कृपेनं परत मोजायला लागणार."

केसांतून पाणी ओघळत होतं आणि तरी तो हसत होता. मला हसू आवरेना.

"पण आपण कोण?"

"फान लियांगयू. हे रबर... आमच्या कारखान्यातलं. बाबांचा कारखाना."

माझं हसू विझलं. "म्हणजे आमच्या तांगतांगचे पाय तुम्ही भाजलेत!"

"ते ऐकलं, म्हणूनच आलो. खरं की खोटं ते बघायला."

"मग? काय दिसलं?"

त्यानं तापमापकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "खरं आहे."

वकिली नाही, सारवासारव नाही. का कोण जाणे, मला एकदम त्याच्यासाठी कोहळ्याचा गार चहा घ्यावासा वाटला. घेतलाही.

मग तो येतच राहिला. कधी पोतंभर लाकडाच्या ढलप्या घेऊन, कधी वाळू, कधी फिक्या रंगाच्या रबराचे तुकडे. शाळेच्या अंगणात आम्ही सगळं उन्हात मांडायचो.

"वाळूसुद्धा वरून तापते बरं का, हायनिंग टीचर," तो सांगायचा. "फिकं रबर काळ्या-निळ्यापेक्षा बरं, पण उन्हात तेही पोळतं. ढलप्या त्यातल्या त्यात शहाण्या. जाड थर घातला तर पडणाऱ्यालाही झेलतात. पण खरी राणी म्हणजे सावली. ती नसेल तर बाकी सगळं फुकट."

"कारखाना रबराचा आणि कौतुक सावलीचं?"

"सावलीत बसणाऱ्यांचंही करतो कधीकधी..." तो म्हणाला आणि घाईघाईनं वाळू चाळायला लागला. चाळलेलीच वाळू — पुन्हा!

छिऊ मावशींचं मात्र ठरलेलं होतं. "ढलप्यांत मांजरं घाण करतील. रबर कसं, पाइप मारला की चकाचक! शनिवारी सभागृहात हात वर करून टाका, संपला विषय."

"मावशी, सभा बागेतच घेऊ या की," मी म्हणाले. "भर दुपारी. अनवाणी."

लियांगयूला ठसका लागला.

मावशी ऐकेनात. पण तांगतांगची आजी त्यांची माजोंगच्या डावातली भिडू. "एसीत बसून माझ्या नातीच्या पायांचा निकाल लावणार असशील," आजीनं फटकारलं, "तर उद्यापासून दुसरी भिडू बघ!" झालं. सभा बागेत ठरली.

त्या संध्याकाळी लियांगयू स्कूटरची किल्ली बोटाभोवती फिरवत म्हणाला, "हायनिंग, बाबा या कामावर डोळे लावून बसलेत. मी सगळ्यांसमोर आमच्याच मालाविरुद्ध बोलायचं म्हणजे..."

"नसेल जमत तर राहू दे. मी बोलेन एकटी."

मी सहज म्हटल्यासारखं केलं. तो स्कूटर सुरू करून निघून गेला.

शनिवारी छत्र्या घेऊन सगळी वस्ती जमली. लियांगयूचा पत्ता नव्हता. मी बोलायला उभी राहिले, आणि फाटकातून कारखान्याचा टेम्पो आत शिरला. गाडी चालवत होता लियांगयू. शेजारी, कपाळाला आठ्या घालून, त्याचे बाबा.

त्यानं रबर, ढलप्या नि वाळूचे ट्रे उतरवले, उन्हात ओळीनं मांडले, वाळूचा एक वडाखाली ठेवला. मग सगळ्यांसमोर उभा राहिला. "हे निळं रबर आम्ही बनवतो. चांगलं आहे, टिकाऊ आहे. पण या उन्हात ते मुलांच्या पायांखाली घालू नका. मी विकणारा आहे, तरी सांगतोय."

तेवढ्यात त्याच्या बाबांनी, फानकाकांनी, बूट काढले, मोजे काढले, नि स्वतःच्याच रबरावर पाय ठेवला.

"आयायायाय!" काका एका पायावर असे नाचले की छिऊ मावशींची छत्रीच हातातून गळाली. "माझंच रबर, आणि मलाच चटका!"

हशाचा नुसता स्फोट झाला! मग रांगच लागली. आज्या, आजोबा, दुकानदार. निळ्यावर टुणकन उडी, ढलप्यांवर "अगं बाई, हे बरंय!" शेवटी वडाच्या सावलीतल्या वाळूत पाय खुपसून छिऊ मावशी बसल्या, त्या उठायलाच तयार नाहीत.

"पण मांजरांचं काय?" त्यांनी बसूनच विचारलं.

"वाळूच्या हौदावर रोज संध्याकाळी जाळी घालायची," लियांगयू म्हणाला. "ढलप्या आठवड्याला उकरायच्या, मी स्वतः येऊन शिकवतो. आणि चाकाच्या खुर्चीसाठी फिक्या रबराची वाट, वर कापडाचं छत. ती वाट बाबा करतील. तसं रबर त्यांच्याइतकं चांगलं कुणी करत नाही."

फानकाकांनी तळवा चोळत मुलाकडे पाहिलं. आठ्या हळूहळू सुटल्या. "छताखाली घालणार असशील, तर करतो," ते म्हणाले.

हात वर झाले. सगळेच्या सगळे! छिऊ मावशींचे तर दोन्ही.

शरद पौर्णिमेच्या आधी बाग नव्यानं उघडली. कापडी छताखाली पोरं ढलप्यांत धपाधप उड्या मारत होती, तांगतांग सगळ्यांत पुढे. मी झोक्याच्या खांबाला टेकून बघत होते. डोळे भरून आले होते, आणि लाजही वाटत नव्हती.

"ढलप्यांचा थर तपासायला आलो," शेजारून आवाज आला.

"कालही तपासलास."

"वाळूही बघायची होती..."

"लियांगयू, वाळू ठीक आहे. जाळी ठीक आहे. तुझं काय बिघडलंय ते सांग."

त्याचे कान लाल झाले. "काम संपलं ना, हायनिंग. उद्यापासून इथे यायला मला काही कारणच उरत नाही. आणि यायचं तर आहे... रोज. तू आवडतेस मला. खूप."

घसरगुंडीवरचा कलकलाट एकदम लांब गेल्यासारखा वाटला. मी त्याचा हात हातात घेतला. मातीनं माखलेला, खरखरीत.

"कारण हवंय ना?" मी म्हणाले. "मग माझ्यासाठी येत जा."

"टीचरनी काकांचा हात धरलाऽऽ!" तांगतांग घसरगुंडीच्या टोकावरून किंचाळली. सगळी बाग वळली. छिऊ मावशी वळल्या, फानकाका वळले.

मी हात सोडला नाही.