फूटपट्टीचा अर्ज

बसा हो, जरा टेका. घाईत असाल तर उद्या या, कारण ही गोष्ट घाईची नाही. एका अडकलेल्या सरकारी लायसनची आहे, आणि त्या लायसनच्या आडून जमलेल्या एका जोडप्याची. जाताना हसत जाल, एवढी हमी माझी.

तर एक लाकडाची गिरणी होती. मोठी नव्हे. पत्र्याची शेड, मधोमध लाकूड चिरायचा आरा, अंगणात ओंडक्यांचे ढीग आणि सगळीकडे भुसा. केसांत भुसा, उशीत भुसा. मालकाची छाती त्याच भुशाने धरलेली, म्हणून कारभार लेकीच्या हातात. तिला सगळे छोटी मालकीण म्हणायचे. जिभेने तिखट, कामाला वाघ.

त्या वर्षी आरा बंद पडला होता. बिघाड नव्हता काही. जंगलातली चोरटी तोड थांबावी म्हणून सरकारने नवा नियम काढला होता: वनखात्याचा माणूस येणार, गिरणीतला ओंडका न् ओंडका मोजणार, लाकूड कुठून आलं ते बघणार, मगच लायसन पुढे चालू. तोवर पात्याला लाखेचं सील. नियम चांगलाच हो! पण मोजायला माणसं नकोत का? अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर हिंडत राहिला, आणि इकडे उन्हाने ओंडके तडकायला लागले. तडकलेला ओंडका म्हणजे सरपण. सरपण विकून का गिरणी चालते? बाबा म्हणायला लागले, "विकून टाकू गं सगळं." ती कसली ऐकते!

म्हणून ती भर दुपारी पाइप घेऊन ओंडक्यांवर पाणी मारायची. ओलं लाकूड तडकत नाही. एकदा अशीच वनखात्याच्या नावाने खडे फोडत पाणी मारत होती, तर ढिगाच्या पलीकडून आवाज आला—

"अहो... अहो, थांबा! मी ओंडका नाही!"

बघते तर एक तरुण उभा. नखशिखान्त भिजलेला, गळ्यात मोजायची टेप, पापण्यांवरून पाणी टपकतंय.

"कोण तुम्ही? मागच्या बाजूने काय शिरता चोरासारखे?"

"वनखात्यातून आलोय. मोजणीला."

"अय्या, एवढ्या लवकर? अजून थोडं थांबायचं ना. ओंडक्यांना पालवी फुटली असती."

"फुटली असती तर बरंच झालं असतं," तो शर्ट पिळत म्हणाला. "झाडं म्हणून सोडून दिले असते... मोजायचं वाचलं असतं."

तिला हसू आलं. तिने ते गिळलं. पण डोळ्यांत राहिलंच थोडं, आणि ते त्याने बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू झाली. ओंडक्याचा घेर एकट्याला मोजता येत नाही. एकाने टेप खालून सरकवायची, दुसऱ्याने पलीकडून धरायची. पलीकडून धरायला कोण? तीच! ओंडक्याखाली हात घालायचा, चाचपायचं... टेपच्या टोकाबरोबर कधी बोटंही हाताला लागायची. मग तो आकडा वाचायचा आणि लिहायच्या आधीच विसरायचा.

"किती म्हणालात?"

"ते... परत मोजूया."

आरा चालवणारे मिस्त्रीकाका बिडी ओढत सगळं बघत असायचे. त्यांनी त्याचं नावच ठेवलं, फूटपट्टी. एकदा न राहवून म्हणाले, "काय हो फूटपट्टी, हा ओंडका काल मोजला होता ना? रात्रीत जाड झाला काय?"

पोरगा कानापर्यंत लाल. आणि छोटी मालकीण? तिला एकाएकी पाइपची गाठ सोडवायची आठवण झाली. पाइपला गाठच नव्हती.

अर्धंअधिक अंगण मोजून झालं... आणि फूटपट्टी यायचा बंद झाला. ना निरोप, ना काही. एक दिवस गेला, दुसरा गेला. मग खात्यातून सांगावा आला: आधीची मोजणी रद्द, दुसरे अधिकारी येऊन पहिल्यापासून मोजतील. कधी येतील? सवड होईल तेव्हा!

त्याच दुपारी ढिगातला सगळ्यात मोठा ओंडका तडकला. काडकन. ती तशीच, भुशाने भरलेली, वनखात्याच्या रोपवाटिकेत जाऊन धडकली. कारण तो आता तिथे काम करतो, असं तिला कळलं होतं.

तो रोपांच्या रांगेत उकिडवा बसला होता. तिला बघून उठला, हातातली कुंडी हातातच.

"तुम्ही स्वतःच मोजणीचं काम सोडलंत म्हणे?"

"हो. साहेबांना सांगितलं, तिथे मला पाठवू नका."

"का? काय घोडं मारलं होतं आम्ही तुमचं?"

"तुमच्या गिरणीत... माझी टेप सरळ राहात नव्हती."

"नीट बोला. माझी लाकडं फुटतायत तिकडे!"

त्याने कुंडी खाली ठेवली. पुन्हा उचलली. "उद्या मी तुम्हाला मागणी घातली असती, आणि तुमच्या लायसनवर माझी सही असती, तर लोक काय म्हणाले असते? पोरगी देऊन लायसन घेतलं. एकाने तक्रार केली असती तरी पुन्हा सील लागलं असतं. तुमच्या बाबांची उभ्या आयुष्याची अब्रू..."

भांडायला म्हणून केवढं काय काय आणलं होतं, सगळं तसंच राहिलं.

"मग आधी सांगायचं होतं मला," ती हळूच म्हणाली.

"आधी विचारलं असतं आणि तुम्ही हो म्हणाला असतात, तर लायसनसाठीच म्हणालात असं मला जन्मभर वाटत राहिलं असतं."

वारा सुटला होता. कोवळी रोपं एकमेकांना टेकत होती. तिने गालावरचा भुसा पुसला... की पाणी, देव जाणे.

"बरं," ती म्हणाली. "तुमचा अर्ज मिळाला. विचार चालू आहे. लायसन हातात येईपर्यंत निकाल नाही."

"आणि मग?"

"मग बघू. सवड होईल तेव्हा!"

त्या दिवसापासून काम संपलं की तो गिरणीच्या फाटकाशी यायचा. आत पाऊल टाकायचा नाही. म्हणायचा, मोजणी होईपर्यंत माझं इथे काही काम नाही. रस्त्यावरच्या नळाची बादली भरायचा, स्वतःची जुनी गोणपाटं भिजवायचा आणि फाटकावरून आत द्यायचा. ती ओंडक्यांच्या टोकांना गुंडाळायची. बाबा खुर्चीतून बघायचे. एकदा म्हणाले, "फाटकाला खिडकी करून घेऊ का? मान अवघडत असेल एखाद्याची."

"बाबा!"

"मी काही बोललो का?"

शेवटी नव्या मॅडम आल्या. करड्या शिस्तीच्या बाई, चष्मा नाकावर. सगळं पहिल्यापासून मोजलं, लाकूड कुठून आलं ते तपासलं, कुठे बोट ठेवायला जागा नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने सील फोडलं. मिस्त्रीकाकांनी खटका दाबला, आणि आरा असा गर्जला म्हणता! बाबांनी तोंडावरचा रुमाल डोळ्यांवर नेला.

ती तशीच फाटकाकडे धावली. तो बाहेर उभा, दोन्ही हातांत बादल्या.

"आत या."

"म्हणजे... झालं?"

"लायसन झालं. आणि तुमचा अर्जही मंजूर." मग जरा थांबून, नजर खाली, "तुमच्या खात्यापेक्षा लवकर केला की नाही?"

बादल्या सुटल्या. दोघांचे पाय भिजले. हललं कोणी नाही.

अजूनही ती म्हणते, त्या वर्षी लायसन वेळेवर आलं असतं तर मोजणाऱ्याचं तोंडही मी नीट बघितलं नसतं. ज्या खात्याच्या नावाने बोटं मोडली, त्याच खात्याचे ती उपकार मानते. बाबा तर मोठा ओंडका तडकल्याचंही कधी दुःख करत नाहीत. म्हणतात, एक ओंडका गेला, माणूस आला.

तर तुमच्या ओळखीत कोणी असेल त्या खात्यात, तर माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, त्या दोघांचं झालं ते झालं, तुमचे फार उपकार. पण बाकीच्यांची लायसनं तेवढी वेळेवर देत चला. सगळ्यांच्याच गिरणीत लग्नाची पोरगी नसते हो!