मागचं आसन

आकाराम मेंढपाळ माझ्या वडिलांच्या, आबांच्या तोंडाकडे पाहत उभा होता आणि आबा त्याच्या पाठीमागच्या काळ्या पडलेल्या जमिनीकडे. मेंढरं कुसळांत तोंडं घालून चरत होती. कळपातला पुढचा एडका मान झटकत होता. त्याच्या गळ्यातली पितळी घंटा हलत होती, पण वाजत नव्हती.

म्हसवडच्या पलीकडचा हा माळ. खडक, बाभळी, आणि वर एवढं मोठं आभाळ की त्याखाली माणसाला आपलं नाव मोठ्यानं उच्चारावंसं वाटू नये. मागच्या महिन्यात माझा धाकटा भाऊ लालासाहेब इथे विमानासह कोसळला. ध्वनीहून वेगानं जाणारं, दोन आसनांचं शिकाऊ विमान. वेळ पडली तर पंखांखाली रॉकेटं बांधून लढाईवरही जाणारं. पुढे विद्यार्थी बसतो, मागे शिक्षक. त्या दिवशी लाला एकटाच होता. घरी आलेल्या अधिकाऱ्यानं सांगितलं, की अशा वेळी मागच्या रिकाम्या आसनाचे पट्टे आवळून ठेवतात, आणि ढिगाऱ्यात ते आवळलेलेच सापडले. शवपेटी मात्र उघडू दिली नाही. आम्ही ती कृष्णेच्या काठी तशीच जाळली.

आबा फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. त्यांना एकच गोष्ट हवी होती: पोरगा शेवटी काय बोलला. "भिऊन मेला का जवानासारखा मेला, एवढं कळू दे मला," असं ते घरातून निघताना म्हणाले होते. त्यामागचं कारण मला ठाऊक होतं. शेवटच्या सुट्टीत लाला म्हणाला होता, की आता विमान घेऊन वर जाववत नाही. मिरजेच्या फलाटावर आबांनी मागून त्याच्या मानेवर पंजा रोवला आणि त्याला डब्यात चढवलं. लालानं वळून पाहिलं नाही. त्याला वळताच येत नव्हतं.

"ओरडला का रं तो?" आबांनी अखेर विचारलं.

मेंढरांच्या दगडी वाडग्याच्या भिंतीला टेकून बसलेली आकारामची बायको, धोंडुबाई, बोलली.

"आवाजच आला न्हाई, आबा. जाळ दिसला, माती उडाली, पर मेंढरानं मान सुदीक वर केली न्हाई."

मी सांगलीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. मी तिला समजावलं, की असलं विमान स्वतःच्या आवाजाच्या पुढे धावतं. आवाज मागाहून येतो, पण येतो क्षणभरानंच.

"मागनं येतो व्हय? मग यील की. वाटंत कुटंतरी आडला आसंल."

"आणि ही घंटा?" मी विचारलं.

"लोकर कोंबलीया. आमच्यात कुनी गेलं की पुढच्या एडक्याची घंटा मुकी करत्यात. गेलेल्याच्या घरच्यानं येऊन लोकर काढायची, मग गेलेला मोकळा. पोरगं आमच्या माळावर गेलं, म्हंजी आमचंबी सुतक झालंच की."

आबा तिच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. गुऱ्हाळातल्या काहिलीचा, गुळाच्या मोठ्या कढईचा चटका. महिना होत आला तरी भरत नव्हता.

आकारामनं मला बाजूला ओढलं. त्याच्या अंगाला लोकरीचा आणि घामाचा वास येत होता.

"मास्तर, आत दोघं हुते."

"एकटा होता. मागचं आसन रिकामं होतं."

"लय खालनं गेलं, गड्या. उलटं हून गेलं. काच दिसली, काचंतली मानसं दिसली. पुढं पोरगं. मागं फेटेवाला, पुढं वाकलेला, हात लांबवून." त्यानं आबांच्या फेट्याकडे हनुवटी केली. "तुमी आलासा तवाच वळखला म्या."

विमान पडलं त्या दुपारी आबा आमच्या ओसरीवर झोपले होते. मी स्वतः त्यांच्या अंगावर धोतर पांघरलं होतं. हे मी आकारामला सांगितलं. शांतपणे सांगितलं, वर्गात सांगावं तसं.

"आसंल," तो म्हणाला. "पर लोकर तू काढ. त्यांला काढू दिऊ नगंस."

आम्ही वळलो तेव्हा आबा एडक्याजवळ पोचले होते. त्यांनी गुडघ्याखाली त्याचं धूड दाबलं होतं आणि डाव्या हातानं शिंग धरलं होतं.

"आबा, थांबा. मी काढतो."

"बाप मी हाय का तू?"

त्यांनी उजव्या हाताची बोटं घंटेत घातली आणि मळकी लोकर उपसून काढली.

घंटा एकदाच वाजली.

मग आभाळ फाटलं.

त्यात एकही विमान नव्हतं. नुसता आवाज आला, आणि आवाजाला वजन होतं. वाडग्याची भिंत आतून लाथ बसावी तशी फुटली. मेंढरं हवेत उडून एकमेकांवर आदळली. धोंडुबाई दगडांबरोबर फेकली गेली. एडक्याची मान शिंगांसकट मागे वळली आणि तशीच राहिली. धातू पिळवटला, काच फुटली, पेट घेणाऱ्या तेलाची फुत्कारणारी धग कानांतून मेंदूत शिरली. माझ्या तोंडात रक्ताची चव होती.

त्या सगळ्याच्या आत, अगदी जवळ, माझ्या भावाचा आवाज होता.

"आबा, हात काढा. आबा, मानेवरचा हात काढा."

मग काहीच नाही.

धूळ बसली. धोंडुबाई कण्हत उठून बसली. आकाराम रांगत तिच्याकडे गेला. मेंढरांच्या कानांतून रक्त ठिबकत होतं. मेलेल्या एडक्याच्या गळ्यात घंटा अजून हलत होती, आणि आता वाजत होती.

आबा मातीत बसले होते. त्यांच्याही कानांतून रक्ताचे दोन ओघळ पांढऱ्या मिशांपर्यंत आले होते. डोळे मात्र चमकत होते.

"बोलला न्हवं?" ते ओरडून म्हणाले, बहिरा माणूस ओरडतो तसे. "लालाचाच आवाज. शब्द न्हाई कळला मला. तू ऐकलंस. काय म्हनला?"

त्यांनी हात माझ्यापुढे केला. फडकं उडून गेलं होतं. काहिलीच्या काठाचा डाग गोलसर वळला असता. हा सरळ होता, चार बोटं रुंद, तळहातावर आडवा. आणि भाजलेल्या मांसात आसनाच्या जाड पट्ट्याची वीण धागा न् धागा उमटली होती.

"सांग की रं. काय म्हनला माझा लाला?"

मी म्हसवडच्या रस्त्याकडे चालू लागलो. मागे ते विचारत होते, आणि माझी मान, मागून पंजा रोवल्यासारखी, आखडत चालली होती.