पहिली खूण

सुई अजून ट्रेमध्येच होती आणि पडद्यावरची रेघ खाली घसरली.

डॉ. इनामदारांनी यंत्राला दोष दिला. माणूस आधी यंत्रालाच दोष देतो, कारण यंत्र उलट बोलत नाही. त्यांनी सुकन्या चौगुलेच्या दंडावरची चकती काढली, पुसली आणि पुन्हा चिकटवली. ही चकती म्हणजे पेशीदर्शक. रक्तातल्या रक्षकपेशी एकमेकींना जे रासायनिक निरोप धाडतात, ते मोजून ती पडद्यावर रेघ काढत असे. रेघ वर असली की शरीर लढाईला सज्ज, खाली आली की शांत. इनामदारांनी मान हलवल्यावर ईशानी दाभोळेने सुकन्याच्या मनगटावर पुन्हा तीन बोटे ठेवली आणि रेघ पुन्हा खाली आली. सुई नव्हती, काढा नव्हता, होती ती नुसती बोटे.

मग त्यांनी ईशानीला बाजूला केले आणि तिच्या वर्गातल्या एकाला नाडी पाहायला बसवले. रेघ जागची हलली नाही. त्याने सुया टोचल्या, काढा पाजला, तरीही नाही. इनामदार प्रतिकारशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी दोन्ही वेळच्या रेघा पडद्यावर शेजारी शेजारी लावल्या.

मिरजेच्या त्या केंद्राच्या पाटीवर 'सूचिचिकित्सा व चिनी वनौषधी : पदव्युत्तर विभाग' असे भारदस्त लिहिले होते. गाव त्याला सुयांचं कॉलेज म्हणे. ईशानीचे तिथले शेवटचे वर्ष चालू होते. पहिल्या वर्षी मुले एकमेकांना सुया टोचून दंड निळे करून घेत. दुसऱ्या वर्षी डोळ्यांवर पट्टी बांधून शेकडो मुळ्या आणि साली वासाने, जिभेने ओळखायच्या. तिसऱ्या वर्षी नाडी. मनगटावर तीन बोटे, प्रत्येक बोटाखाली वेगळे इंद्रिय, अनामिकेखाली मूत्रपिंड. यात ईशानीचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे तिलाही चांगले ठाऊक होते.

विभागप्रमुख डॉ. ल्यू कलकत्त्याच्या चिनी वस्तीत जन्मलेल्या. उमेदीची सगळी वर्षे मिरजेत काढल्यामुळे त्यांचे मराठी विद्यार्थ्यांपेक्षा शुद्ध होते. त्यांच्या शिस्तीत दोन गोष्टींना सूट नव्हती. एका रोग्याला शेवटपर्यंत एकाच वैद्याचा हात लागायचा. आणि रोग्याच्या वाटीतला पहिला घोट वैद्याने घ्यायचा, कारण जे आपण पिऊ शकत नाही ते दुसऱ्याला पाजायचा आपल्याला अधिकार नाही. मुले ल्यूबाईंच्या पाठीमागे त्यांची नक्कल करत, पण घोट मात्र घेत.

सुकन्या शाळेत चित्रकला शिकवत असे. तिच्या पोटातले मूत्रपिंड तिच्या आईचे, आक्काताईंचे होते. परके इंद्रिय शरीराने फेकून देऊ नये म्हणून ती प्रतिकारशमक औषध घेई, आणि तेच औषध त्या मूत्रपिंडाला हळूहळू खात होते. ज्याने जगायचे त्यानेच मरायचे, असा तो प्रकार. डायलिसिसला परत जावे तर तिच्या हातांच्या शिरा त्यात केव्हाच संपल्या होत्या.

अशा रोग्यांसाठी इनामदार आणि ल्यूबाईंनी मिळून अनुबंध-चिकित्सा बसवली होती. पहिल्या बैठकीत इनामदारांनी ती आक्काताईंना समजावून सांगितली होती.

“चिंच नुसती आठवली तरी तोंडाला पाणी सुटतं की नाही? चिंच तोंडात नसते, पण शरीर कामाला लागलेलं असतं. तसंच हे. काही आठवडे औषध एका खुणेबरोबर द्यायचं. पुढे औषध काढून घेतलं तरी नुसत्या खुणेवर शरीर शांत होतं.”

खूण म्हणून ल्यूबाईंनी लुंगदान या चिनी वनस्पतीचे मूळ निवडले. किराईत त्याच्यापुढे गोड लागावे असे ते कडू. रोज आधी नाडी, मग सुया, मग लुंगदानचा काढा, आणि काढ्यातच विरघळवलेले औषध. ईशानीकडे असे डझनभर रोगी होते. पुढे औषध बंद झाले. शरीर विसरू नये म्हणून मधूनच एखाद्या दिवशी काढ्यात थोडी स्मरणमात्रा घालत, एवढेच. सुकन्याचे मूत्रपिंड सुधारू लागले. आक्काताईंनी केंद्रात पेढे वाटले आणि ईशानीच्या हातावर दोन जास्त ठेवले.

मग बहिणीच्या लग्नासाठी ईशानी रजेवर गेली. तिच्या जागी आलेल्याने सगळे यथासांग केले, तरी सुकन्याला सूज आली. ते कशामुळे, हे शोधायला आजची परीक्षा मांडली होती.

“शरीर आळशी असतं,” इनामदार शेवटी म्हणाले. “पुढे काय येणार हे जी खूण सगळ्यांत आधी सांगते, तिलाच ते धरून ठेवतं. नंतरच्या खुणा त्याला फुकटच्या. आपण समजलो लुंगदान. पण त्याच्या आधी सुया होत्या आणि सुयांच्या आधी ही बोटं. तीही रोज याच मुलीची.”

“म्हणजे आता औषध मी?” ईशानीने विचारले.

“सध्या तरी.”

ईशानीला त्या क्षणी अभिमान वाटला. दुसरे काही वाटायला हवे होते, हे तिला फार उशिरा कळले. व्हरांड्यात बसलेल्या आक्काताईंना तिने स्वतः जाऊन सांगितले की तुमच्या मुलीला आता दुसरे काही नको, रोज माझी तीन बोटे मनगटाला लागली की पुरे. आक्काताईंनी तिची बोटे हातात घेऊन कपाळाला लावली. ल्यूबाईंना यातले काही आवडले नव्हते. वैद्य गेल्यावर ज्याचा गुण जातो ते औषध नव्हे, असे त्या म्हणाल्या. पण दुसरा उपाय त्यांच्याकडेही नव्हता.

खोकला त्याच सुमारास सुरू झाला. वनौषधींच्या कोठारात काम करणाऱ्यांना तो अधूनमधून होतच असे. वाळल्या मुळ्यांवर बारीक बुरशी धरते, ती श्वासातून आत जाते आणि चांगले शरीर तिला मारून टाकते. ईशानीचे शरीर मारत नव्हते. ताप हटेना, वजन उतरले, आणि एका सकाळी रुमालावर रक्त आले. छातीच्या चित्रात बुरशीचा एक गोळा वरच्या अंगाला ठाण मांडून बसलेला दिसला.

इनामदारांनी तिला फैलावर घेतले. लपूनछपून कुठले औषध घेतेस, हे शरीर प्रतिकार का करत नाही? रक्त तपासले तर त्यात औषधाचा मागमूस नव्हता. ते चक्रावून गेले. ल्यूबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. त्या वळल्या नाहीत.

“ईशानी, नाडी पाहून झाल्यावर तू काय करतेस?”

“सुया लावते.”

“आणि नंतर?”

“वाटीतला घोट घेते, बाई. पहिला.”

मग इनामदारांनी पेशीदर्शक चकती ईशानीच्या दंडावर चिकटवली आणि बाहेरून एका रोग्याला बोलावले. तिने त्याच्या मनगटावर बोटे ठेवली. पडद्यावरची तिची रेघ खाली गेली.

समजावून सांगायची आता गरज नव्हती. डझनभर वाट्या, प्रत्येकीतून एक घोट, म्हणजे रोज जवळजवळ एका रोग्याइतके औषध. आणि त्याच्या आधी, न चुकता, बोटांखाली रोग्याची नाडी. नियम तोच, फक्त मनगटाच्या दुसऱ्या बाजूने. तिची बोटे रोग्यांची खूण होती, तशीच रोग्यांची मनगटे तिची. रक्तात औषधच नाही, तर बाहेर काय काढणार आणि उतारा तरी कशावर देणार?

“घोट बंद केला तर शरीर विसरेल ना?” तिने विचारले.

“विसरेल,” इनामदार म्हणाले. “नाडी पाहत राहायचं आणि घोट घ्यायचा नाही, असे काही महिने. पण तोवर प्रत्येक नाडीला तुझा प्रतिकार खाली जाणार, आणि ही बुरशी महिने थांबायची नाही. हात लावायचा नाही ईशानी. कुणालाच. तू वाचशील.”

“आणि ते?”

बाकीच्यांना पुन्हा औषध सुरू करता येणार होते. सुकन्याचे मूत्रपिंड त्यातले एकटेच असे होते की पूर्ण मात्रा सोसणार नव्हते. नव्या हाताची सवय लावायची तरी दोन महिने पूर्ण मात्रा हवी. इनामदारांनी चौथा हिस्सा मात्रा लिहून दिली, ती कामाला पुरणारी नाही हे ठाऊक असून. काहीतरी लिहायचे म्हणून डॉक्टर कधीकधी लिहितात.

ल्यूबाईंनी त्या दिवसापासून पहिल्या घोटाचा नियम काढून टाकला. त्या ईशानीशी त्याविषयी एक अक्षर बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा आठवडाभरात म्हातारा झाला.

ईशानीने एकच अट घातली. सुकन्याला आणि आक्काताईंना यातले काही कळता कामा नये. डॉक्टर आजारी आहेत, एवढेच सांगायचे. आपल्या जगण्याने दुसऱ्याचे आयुष्य कुरतडले हे ओझे त्या पोरीने कशाला वाहायचे, असे तिला वाटले. त्यात तिचे चांगले मन होते, यात शंका नाही. चांगल्या मनाने केलेली ही एक चूक पुढच्या सगळ्याला पुरून उरली.

तिला केंद्राच्याच रुग्णालयात वेगळी खोली मिळाली. बुरशीनाशक सलाईनमधून दिले जाई. त्याने अंगाची इतकी काहिली होई की दुपारी झोपेचे औषध द्यावे लागे. नर्सच्या हातात जाड मोजे असत. कोणाच्या मनगटाला बोट लागू नये म्हणून ईशानी स्वतःच हात चादरीखाली ठेवी. इतकी काळजी घेऊनही गोळा वाढत होता. ताप रोज संध्याकाळी चढे.

तिसऱ्या आठवड्यात इनामदार हसत आत आले. बऱ्याच दिवसांनी ते हसले होते.

“सुकन्याचं मूत्रपिंड उत्तम आहे. चौथ्या हिश्श्यावर! आपलं काहीतरी चुकलं असणार. खूण तुझ्या बोटांवरून दुसऱ्या कशावर तरी सरकली. यावर एक सुंदर प्रबंध होईल.”

ईशानीने त्यांना हसू दिले. ते गेल्यावर ती छताकडे बघत पडून राहिली. चौथ्या हिश्श्याने काही होत नाही, हे इनामदारांनीच तिला शिकवले होते. सुकन्याला बरे राहायचे कारण नव्हते आणि तिला स्वतःला बरे न व्हायचे कारण नव्हते. दोन कोडी पडली की वैद्याने आधी एकच उत्तर शोधावे. ते तिला सापडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने झोपेची गोळी जिभेखाली धरली आणि नर्स गेल्यावर थुंकून टाकली. डोळे मिटून पडून राहिली.

थोड्या वेळाने दार लोटले गेले. खुर्ची सरकली. कोणीतरी चादर हळूच बाजूला केली, झोपलेल्या लेकराची करावी तशी, आणि तिचा उजवा हात उचलला. तीन बोटे एकेक करून सरळ केली गेली आणि एका मनगटावर टेकवली गेली. डोळे उघडायच्या आधीच ईशानीने ती नाडी ओळखली. तिने ती इतके महिने रोज वाचली होती.

तिने डोळे उघडले. सुकन्या दचकली. तिचा हात धरलेल्या आक्काताईंना संकोच वाटला, पण त्या घाबरल्या नाहीत. त्यांनी काही वाईट केले आहे असे त्यांना वाटतच नव्हते.

“निजा डॉक्टर, निजा,” त्या म्हणाल्या. “तुमाला कायबी कराय लागत न्हाई. बोटं तेवढी लागत्यात, तुमीच की सांगितलासा. नर्सबाईच्या हातापाया पडून रोज येतुया आमी. तुमची झोप मोडू न्हाई म्हणून गुमान बसतुया.”

ईशानीने हात मागे घेतला नाही. अंगात तेवढे बळच उरले नव्हते. तिने सांगितले, जेवढ्या कमी शब्दांत सांगता येईल तेवढ्यात. नाडी, घोट, तिचे शरीर काय शिकले ते, छातीतला गोळा. तुम्ही रोज दुपारी इथे येता म्हणून मी बरी होत नाही. आणखी थोडे दिवस असे चालले तर मी मरेन.

सुकन्याचा चेहरा पांढरा पडला. ती शिकलेली होती, तिला सगळे कळले. तिने झटकन मनगट ओढून घेतले, पण ते सुटले नाही. दोघींच्या हातांवर आक्काताईंचा हात होता.

“आई, सोड.”

“गप बस.”

“आई, त्या काय म्हणत्यात ते ऐकलंस का?”

“ऐकलं.”

आक्काताई ईशानीकडे वळल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता. कारण दुसरा हातही त्यांनी आता त्यावर ठेवला होता.

“माफ करा बाई,” त्या म्हणाल्या. “माझ्याजवळ व्हतं ते मी पोरीला दिलंया. आता माझ्याजवळ काय न्हाई.”

ईशानीने हाक मारायचा प्रयत्न केला तर खोकला आला. दुपारची वेळ, नर्स दाराशी राखण करत असणार, या मायलेकींसाठीच. सुकन्या रडत होती, आईचा हात सोडवू पाहत होती. मग तिचे सोडवणे मंद झाले. मग ते थांबले, आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवले.

अनामिकेखालची नाडी संथ होत गेली. भरलेली, मऊ, मूत्रपिंड ठणठणीत असल्याची नाडी. परीक्षेत ईशानीने ती बिनचूक ओळखली असती.