नाव पुरं होईपर्यंत

खोटं वाटलं तर वाटू दे. त्या गुरुवारी दुपारी त्या खोलीत मी स्वतः होते.

आम्ही यहुदी. बाबा धर्मग्रंथ हाताने लिहायचे, चामड्यावर, पिसाच्या लेखणीने. देवाचं नाव आलं की तेवढी जागा कोरी सोडायचे आणि नंतर स्नान करून भरायचे. ते नाव लिहिताना राजाने हाक मारली तरी ओ द्यायची नाही, असा नियम आहे.

सात वर्षांची असताना मी न्हाणीघरात अडकले होते. घसा फुटेस्तोवर ओरडले. बाबा आले, पण उशिरा.

"नाव अर्धं टाकून उठता येत नाही, पोरी. पुरं झाल्यावर आलो की नाही?"

त्यांच्या शेवटच्या दिवशी मी चिडून विचारलं, "बाबा, देवाला एवढं बोलावताय, पण तो आहे कुठे?"

त्यांचं बोट नुसतं चादरीवर लिहिल्यासारखं फिरत राहिलं.

तसेच गेले.

दुःखाचे सात दिवस पाळून झाले आणि आठव्या दिवशी मी त्यांची लिहायची खोली आवरायला घेतली.

"शाई सांडू नकोस गं," आत्या म्हणाली. "नाहीतर वरून खेकसेल तुझा बाप!"

टेबलावर शेवटचं पान होतं. नावाच्या अकरा जागा कोऱ्या.

मागे दार लागलं. बाहेरची सैल कडी पडली.

"आत्या!"

काहीच नाही.

खिडकीला गज. दार हलेना.

आणि मग...

खर्र... खर्र...

चामड्यावर पीस फिरण्याचा आवाज. टेबलाकडून.

वळले. खुर्ची रिकामी. लेखणी डब्यात.

"बाबा?"

खर्र... खर्र...

"बाबा, दार उघडा ना."

ओ नाही.

तेव्हा बाबा काय लिहीत होते, ते मला कळलं.

पण ते नाव चार अक्षरांचं. मिनिटही लागत नाही.

ऊन भिंतीवरून उतरून जमिनीवर आलं. आवाज थांबला नाही. मी दाराला टेकून बसले. "त्या दिवशी देवाबद्दल विचारलेलं मागे घेते, बाबा," असंही म्हणाले. तरी नाही.

शेवटी कडी वाजली. दारात आत्या.

"कुठे होतीस तू? किती हाका मारल्या!" मी विचारलं.

"मी? मी इथेच दाराशी बसलेय! मीच तुला दोनदा हाक मारली. ओ दिली नाहीस. आतून लिहिल्याचा आवाज येत होता. म्हटलं, लेक बापावरच गेली."

मी टेबलाकडे पाहिलं.

अकराच्या अकरा जागा कोऱ्याच होत्या.

ती कडी मी काढून टाकली आहे. आवाज अजून येतो. मी आता हाक मारत नाही. नाव पुरं व्हायची वाट बघते.

फक्त मधूनच थांबून कान देते...

न जाणो, इतका वेळ कुणी मलाच हाक मारत असेल.