यंत्राच्या ओळखीचा माणूस

कंदील राहू दे तसाच, बारीक. आणि मोबाइल सगळ्यांनी पालथे ठेवा. ही गोष्ट माझ्या ओळखीच्या एका टेम्पोवाल्याच्या बाबतीत घडलेली आहे. त्याने मला एकदाच सांगितली. पुन्हा विचारली तर विषय बदलायचा.

"मामा, टेम्पो तर तुम्हीही चालवायचात ना?"

जगात काय मी एकट्यानेच टेम्पो चालवला का गं? ऐकायचं तर ऐक, नाहीतर खाली जाऊन झोप. हं.

तर हा टेम्पोवाला एका दुपारी दोस्ताला घेऊन इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेला. दोस्त घड्याळं दुरुस्त करायचा. जिन्याखाली एक काउंटर, डोळ्याला भिंग, समोर चिमटे, एवढंच त्याचं दुकान. वय सत्तावन्न. डावा पाय बोटभर आखूड, त्यामुळे चालताना एका बाजूला झुकायचा. लग्न केलं नव्हतं. का, ते कोणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. गावाच्या टोकाला, रस्ता संपतो तिथे त्याचं घर, मागे बाग. आई गेल्यापासून एकटाच.

दुकानात त्याने चिठ्ठी पुढे केली. दुकानदाराने नखाएवढा एक सेन्सर काढून काचेवर ठेवला. "हा उष्णता ओळखतो. घड्याळांना ताप यायला लागला की काय, काका?"

घड्याळवाला लाजला. "नाही हो. बागेतली कोबी रात्री कोणीतरी खातंय. कोण ते बघायचंय."

"मग कुत्रा पाळा की. डोक्याला ताप नाही."

"कुत्रा मरतो हो," घड्याळवाला म्हणाला. "मग घर फार मोठं वाटतं."

दुकानदाराने सेन्सर कागदात गुंडाळून दिला.

आता खरं सांगायचं तर कोबी हे निमित्त होतं. त्याची धाकटी बहीण दुसऱ्या शहरात राहायची. रोज रात्री आठला तिचा फोन. कारण आदल्या हिवाळ्यात हा बाबा रात्री नळ बंद करायला बागेत गेला, पाय घसरला आणि कोबीच्या वाफ्यात पडला. पडल्या पडल्या आधी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. दोन चाळीस. सवय हो, दुसरं काय. मग हाका मारल्या. उजाडेपर्यंत मारल्या. पण शेवटचं घर, कोणाला ऐकू जाणार? सकाळी कोपरांवर सरपटत पायरीपर्यंत आला आणि स्वतःच स्वतःचं दार ढकलून आत गेला. बहिणीला हे कळलं तेव्हापासून तिने धोशाच लावला होता.

"दादा, खोली रिकामी करून ठेवलीय. ये निघून. तिथे आहे कोण तुझं?"

"मी आहे की," हा म्हणायचा.

ती चिडून फोन ठेवायची. दुसऱ्या दिवशी आठला पुन्हा करायची. शेवटी त्याने कबूल केलं, "एवढी कोबी निघू दे, मग येतो." आणि कोबी तर कोणीतरी कुरतडत होतं. म्हणून हे यंत्र.

पंधरा दिवस खपला. जुन्या जेवणाच्या डब्याला भोक पाडून आत सेन्सर बसवला. पावसापाण्यापासून जपायला पुढे काच लावली, तर काही दिसेचना. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं, काच उष्णता अडवते. मग काच काढून पातळ प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा ताणून लावला. डबा वाफ्याजवळ खांबावर बसवला, वायर खिडकीतून स्वयंपाकघरात, आणि टेबलावर जुना मोबाइल. त्यावर चौसष्ट चौकटी दिसायच्या. गार जागा निळी, गरम जागा लाल. चेहरा नाही, डोळे नाहीत. नुसता उबेचा एक ठिपका सरकायचा.

यंत्राला शिकवावं लागायचं. एकच प्राणी वीस वेळा दाखवायचा, मग ते विचारायचं, नाव काय? मांजर वीसदा गेलं, त्याने लिहिलं 'मांजर'. शेजारच्या वस्तीतला कुत्रा वीसदा गेला, लिहिलं 'कुत्रा'. मग माणूस शिकवायचा होता. बागेत दुसरं येतंय कोण? स्वतःच वाफ्यापासून पायरीपर्यंत वीस फेऱ्या मारल्या, एका बाजूला झुकत झुकत. यंत्राने विचारलं, नाव काय?

त्याने लिहिलं, 'मी'.

टेम्पोवाला बघायला आला तर घड्याळवाल्याने त्यालाही बागेतून चालायला लावलं. यंत्राने लिहिलं, 'अनोळखी'.

"वीस वर्षांची दोस्ती, आणि तुझा डबा मला अनोळखी म्हणतो!"

"तू सरळ चालतोस ना," घड्याळवाला हसून म्हणाला. "त्याला वाकडा माणूसच कळतो." त्या दिवशी तो खूप हसला होता. टेम्पोवाल्याला ते हसणं अजून आठवतं.

डिसेंबरचा दुसरा आठवडा. बुधवारी रात्री यंत्र पहिल्यांदा रात्रभर चाललं. मांजर. मांजर. मग एक छोटा ठिपका, कोबीपाशी थांबत थांबत सरकणारा. उजाडल्यावर तिथेच ताजं बीळ. घूस! कोबीचा चोर सापडला. सकाळी त्याने टेम्पोवाल्याला फोन करून सांगितलं, आवाजात नुसता आनंद.

गुरुवारी रात्री तो गंमत म्हणून जागत बसला. दोन वाजून चाळीस मिनिटांनी यंत्र वाजलं. कोबीच्या वाफ्यात लाल चौकटी होत्या. एक नाही, दोन नाही, ओळीने सहा. आडव्या. खाली लिहून आलं, 'अनोळखी'. गाय बसली असेल म्हणून तो बॅटरी घेऊन बाहेर गेला. वाफ्यात काही नव्हतं. दहिवर पडलेलं, एक पान मोडलेलं नाही. आत येऊन मोबाइल पाहिला. सहा चौकटी तिथेच होत्या. लालच.

म्हणजे तो त्यांच्यात उभा राहून आला होता.

"मामा…"

गप्प. हात सोड माझा.

शुक्रवारी तो बाहेर गेला नाही. टेबलापाशी बसला. दोन चाळीसला सहा चौकटी आडव्या उमटल्या. बराच वेळ तशाच. मग हलल्या. एकावर एक झाल्या. उठून उभं राहिलं ते. दोन पावलं चाललं, एका बाजूला झुकत. खालची अक्षरं बदलली.

'मी'.

नळापर्यंत आलं. तिथे थांबलं. साडेतीनला विझलं.

पहाटे पाचला त्याने बहिणीला फोन केला. "येतो मी. उद्या सकाळीच ने मला." ती रडायलाच लागली. त्याने कारण सांगितलं नाही. टेम्पोवाल्याला मात्र सगळं सांगितलं. रविवारी सकाळी सहाची वेळ ठरली. बहीण रात्रीच्या बसने निघणार, तिला स्टँडवरून घ्यायचं आणि तसंच घरी जायचं.

"आज रात्री माझ्याकडे झोपायला ये," टेम्पोवाला म्हणाला.

"खोकी बांधायचीत रे. एक रात्र तर राहिलीय."

शनिवारची रात्र. टेम्पोवाल्याचा फोन वाजला.

"जागा आहेस?"

"आता झालो. काय रे?"

"फोन ठेवू नकोस. बोलू नकोस. नुसता राहा."

घड्याळात दोन एकोणचाळीस झाले होते. टेम्पोवाला अंथरुणात उठून बसला. पलीकडून खुर्चीचं करकरणं ऐकू येत होतं. मग यंत्राचा बीप.

"वाफ्यात आहे," घड्याळवाला पुटपुटला. "आडवा."

…

"उठला."

…

"नळापाशी आला. थांबला नाही."

"दार लावलंयस ना?"

"दोन्ही. कड्या घातल्यात."

…

"आता दिसत नाही. डब्याच्या मागे गेला. म्हणजे… पायरीवर."

मग टेम्पोवाल्याने ऐकलं. ठक. ठक. हळू. आत माणूस झोपला असेल तर त्याची झोप मोडू नये, अशा बेताने.

घड्याळवाल्याने विचारलं, "कोण?"

…

"मी."

टेम्पोवाला शपथेवर म्हणाला, आवाज त्याचाच. थोडा बसलेला. रात्रभर ओरडून घसा बसतो ना, तसा. पण तो शब्द दाराच्या आतून आला की बाहेरून, ते त्याला आजवर ठरवता आलं नाही. फोन एकच. आवाज एकच.

खूप वेळ काही नाही. नुसता श्वास. मग घड्याळवाला बोलला. फोनमध्ये नाही. दुसऱ्या कोणाशी तरी. लहान मुलाशी बोलावं तसं.

"किती वेळ बाहेर होतास रे…"

कडी निघाली. दार उघडलं. गार वाऱ्याचा एक आवाज आला. दार लागलं.

कडी पुन्हा पडली.

फोन बंद.

"मग टेम्पोवाला लगेच गेला ना मामा?"

…

जायला हवं होतं. वीस मिनिटांचा रस्ता. तो खाली उतरला, टेम्पोत बसला, चावी लावली. आणि… फिरवली नाही. पाच वाजेपर्यंत तसाच बसून राहिला. वीस वर्षांचा दोस्त, एकदाच बोलावलं होतं त्याने, तेही नुसतं "राहा" म्हणाला होता.

थांबा. पाणी द्या जरा.

साडेपाचला बहिणीला स्टँडवरून घेतलं. तिला काही सांगितलं नाही. सहाला घरी पोचले. पुढचं दार आतून बंद. हाका मारल्या. वळसा घालून मागे गेले.

मागच्या पायरीवर घड्याळवाला बसला होता. अंगात पातळ सदरा. केसांवर, भुवयांवर, मिशीवर दहिवराचे थेंब. रात्रभर उघड्यावर असल्यासारखा.

"दादा!" बहीण धावली.

तो उठला आणि तिला मिठीच मारली. जन्मात कधी मारली नव्हती. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाला, "आलीस? किती हाका मारल्या गं मी."

"आता घरी चल," ती म्हणाली. शाल काढून त्याच्या अंगावर घातली. "हात केवढे गार पडलेत तुझे. चल."

तिने त्याला टेम्पोत नेऊन बसवलं. टेम्पोवाला सामान काढायला मागच्या दाराशी आला. दार ढकललं.

आतून कडी होती.

पुढचंही आतून बंद. खिडक्यांना गज. त्याने टेम्पोतली पहार आणली, कडी उचकटली. आत गेला. दोन्ही खोल्या पाहिल्या. मोरी पाहिली. कॉटखाली पाहिलं. कोणी नव्हतं. खोकी सुतळीने नीट बांधून ठेवलेली. टेबलावरचा मोबाइल विझलेला.

मग त्याने एकेक खोकं नेऊन टेम्पोत ठेवलं. पुढे भाऊ-बहीण बसले होते. भाऊ एकदाही घराकडे वळून बघत नव्हता.

शेवटी राहिली टेबलापुढची लाकडी खुर्ची. खिडकीतून थंडी येत होती. टेबल गार, फरशी गार, भिंत गार. टेम्पोवाल्याने उचलायला म्हणून खुर्चीच्या बैठकीखाली हात घातला, दुसरा वर ठेवला…

बैठक गरम होती.

तो तसाच वाकून उभा राहिला. थोडा वेळ. मग त्याने खुर्ची परत खाली ठेवली. हळूच. वर कोणी बसलेलं असताना ठेवावी, तशी.